‘डॉक्टर, माझं काय चुकलं?’ : सवयी आणि स्तनाचा कॅन्सर, एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. आमच्या भागातल्या एका शाळेतल्या बाई बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन समोर बसल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) वय बावन्न. रिपोर्टमध्ये स्तनाचा कॅन्सर असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. मी पुढच्या तपासण्या, ऑपरेशन, कुठे जायचं, खर्च किती, हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं.

“डॉक्टर, मी शाकाहारी आहे. रोज पहाटे चालायला जाते. दोन्ही मुलांना दीड-दीड वर्ष अंगावर पाजलं. मग माझं काय चुकलं?”

घरच्यांनी आपापली उत्तरं आधीच शोधून ठेवली होती. सासूबाईंच्या मते फ्रीजमधलं शिळं अन्न. जाऊबाईंच्या मते ‘ती फार टेन्शन घेते’. यजमानांनी व्हॉट्सॲपवर वाचलं होतं की घट्ट अंतर्वस्त्रांमुळे असं होतं. आणि बाई रात्रभर जागून आपल्या बावन्न वर्षांच्या आयुष्यात चूक शोधत होत्या.

हा प्रश्न मला गेल्या तीस वर्षांत कितीतरी जणींनी विचारला आहे. रोजच्या सवयींचा स्तनाच्या कॅन्सरशी संबंध आहे का? आहे. पण तो कसा आहे आणि किती आहे हे नीट समजून घ्यायचं, तर हे ज्ञान आपल्याकडे कसं आलं ते पाहावं लागतं. म्हणून आज थोडा इतिहास.

दोष कुणाचा? स्वभावाचा!

दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यात गेलन नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. शरीरात चार रस असतात आणि त्यांचा तोल गेला की रोग होतो, असं त्या काळी मानत. कॅन्सर होतो तो काळ्या पित्तामुळे, आणि हे काळं पित्त उदास, खिन्न स्वभावाच्या माणसांत जास्त असतं, असं गेलनचं मत होतं. म्हणजे उदास स्वभावाच्या स्त्रीला स्तनाचा कॅन्सर होणार, असा त्याचा सरळ अर्थ.

पुढे दीड हजार वर्षं युरोपातल्या वैद्यांनी हेच मत प्रमाण मानलं. काळं पित्त अखेर कुणालाच सापडलं नाही. पण जाऊबाईंचं ‘ती फार टेन्शन घेते’ हे वाक्य ऐकलं की मला गेलनची आठवण होते. ताणाचा आणि स्तनाच्या कॅन्सरचा संबंध शोधण्यासाठी आधुनिक काळात मोठे अभ्यास झाले. त्यांत ठाम संबंध सापडलेला नाही. ताणामुळे झोप बिघडते, व्यायाम सुटतो, वजन वाढतं, हे खरं. पण ‘तू टेन्शन घेतलंस म्हणून तुला कॅन्सर झाला’ असं कुणालाही सांगायला आधार नाही.

मठातल्या जोगिणी

पुढची गोष्ट इटलीची. बर्नार्दिनो रामाझ्झिनी हा कामगारांच्या आजारांवर पहिलं मोठं पुस्तक लिहिणारा डॉक्टर. ते पुस्तक १७०० साली निघालं. रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारताना ‘तू काम काय करतोस?’ हाही एक प्रश्न विचारा, असा त्याचा आग्रह होता. कुंभार, सुतार, खाणकामगार अशा अनेकांबद्दल लिहिताना त्याने एक गोष्ट नोंदवली : मठांत राहणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींमध्ये स्तनाचा कॅन्सर फार दिसतो.

निरीक्षण अगदी बरोबर होतं. कारण मात्र त्याने ब्रह्मचर्याला चिकटवलं आणि तिथेच थांबला.

त्याच इटलीतल्या व्हेरोना शहरात डोमेनिको रिगोनी-स्टर्न या डॉक्टरने पुढचं पाऊल टाकलं. त्याने १७६० ते १८३९ या ऐंशी वर्षांतल्या मृत्यूच्या नोंदी काढल्या आणि १८४२ साली हिशेब मांडला. जोगिणींमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा बरंच जास्त होतं आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचं कमी. मत सांगण्यापेक्षा नोंदी मोजण्याची ही सुरुवात होती, म्हणून ती महत्त्वाची.

आज आपल्याला याची उकल करता येते. मुलं न झाल्याने आणि अंगावर पाजणं न घडल्याने या स्त्रियांच्या आयुष्यात मासिक पाळीची चक्रं जास्त झाली. प्रत्येक चक्रात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स स्तनातल्या पेशींना वाढायला सांगतात. पेशी जितक्या वेळा विभागतात, तितक्या वेळा चूक व्हायची संधी. शिवाय पहिल्या गरोदरपणात आणि दूध पाजताना स्तनातल्या पेशी पक्व होतात आणि पक्व पेशी सहसा बिघडत नाहीत. ‘ब्रह्मचर्याचा’ दोष इतकाच होता. त्या बायकांची चूक कुठलीच नव्हती.

गुराख्यांचं शहाणपण

पण हार्मोन्सचा पत्ता लागायला अजून वेळ होता. स्कॉटलंडमध्ये जॉर्ज बीटसन नावाचा तरुण डॉक्टर दूध कसं तयार होतं या विषयावर प्रबंध लिहीत होता. त्याला कळलं की काही देशांत गाईने जास्त दिवस दूध द्यावं म्हणून पशुपालक तिच्या अंडाशया काढून टाकतात. म्हणजे अंडाशयाचा हुकूम थेट स्तनावर चालतो! त्या वेळी ‘हार्मोन’ हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता. तो आला १९०५ साली.

बीटसनने हा विचार वीस वर्षं मनात ठेवला. ग्लासगोमध्ये १८९५ साली, ३३ वर्षांच्या एका स्त्रीचा कॅन्सर ऑपरेशननंतर परत आला होता. तिच्या अंडाशया त्याने काढल्या आणि छातीवरच्या गाठी काही महिन्यांत विरत गेल्या. हा अनुभव त्याने १८९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला. आज लाखो स्त्रिया ज्या टॅमॉक्सिफेनच्या किंवा लेट्रोझोलच्या गोळ्या घेतात, त्या याच वाटेवरच्या. सवयींचा संबंधही पुढे याच दारातून कळला. ज्या सवयी हार्मोन्सचं प्रमाण बदलतात, त्या धोकाही बदलतात.

पाचशे आजारी, पाचशे बिनआजारी

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आदर वाटतो तो डॉ. जॅनेट लेन-क्लेपन यांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ब्रिटनमधल्या या डॉक्टर आणि संशोधक. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने त्यांना स्तनाच्या कॅन्सरची कारणं शोधायला सांगितली. त्यांनी स्तनाचा कॅन्सर झालेल्या ५०० स्त्रिया घेतल्या. आणि मग एक साधी गोष्ट केली, जी तोवर कुणी इतक्या नीट केली नव्हती. तो आजार नसलेल्या, पण बाकी परिस्थिती सारखी असलेल्या आणखी ५०० स्त्रिया घेतल्या. दोन्ही गटांना एकच प्रश्नावली : लग्न कितव्या वर्षी झालं, मुलं किती, अंगावर पाजलं का, पाळी कधी गेली?

असं का करायचं? समजा मी माझ्या दवाखान्यात कॅन्सर झालेल्या शंभर जणींना विचारलं की तुम्ही चहा पिता का, तर नव्वद जणी ‘हो’ म्हणतील. म्हणून चहाने कॅन्सर होतो का? नाही. कारण ज्यांना कॅन्सर नाही त्यांच्यातल्या नव्वद जणीही चहा पितात. तुलनेला दुसरा गट नसेल तर कुठल्याही गोष्टीवर ठपका ठेवता येतो. व्हॉट्सॲपवरचे बहुतेक ‘शोध’ इथेच गळून पडतात.

त्यांचा अहवाल १९२६ साली आला. उशिरा लग्न, कमी मुलं आणि अंगावर न पाजणं, या गोष्टी आजारी गटात जास्त आढळल्या. जवळपास शंभर वर्षं झाली, पण हे निष्कर्ष आजही टिकून आहेत. अभ्यासाची ही पद्धत पुढे सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचं नातं सिद्ध करायलाही वापरली गेली. लेन-क्लेपन यांनी मात्र १९२९ साली लग्न केलं आणि त्यांचं संशोधन थांबलं. ब्रिटिश सरकारी नोकरीत तेव्हा लग्न झालेल्या बाईला ठेवत नसत.

त्यांच्या निष्कर्षांना नेमके आकडे मिळाले २००२ साली. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र केली गेली. कॅन्सर झालेल्या सुमारे ५०,००० आणि न झालेल्या सुमारे ९७,००० स्त्रिया. प्रत्येक बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी कमी होतो आणि अंगावर पाजण्याच्या प्रत्येक १२ महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी. म्हणजे आमच्या शाळेतल्या बाईंनी दोन मुलांना मिळून तीन वर्षं पाजलं, त्याचा फायदा त्यांना नक्की मिळाला होता. धोका कमी झाला होता. शून्य झाला नव्हता. शून्य कुणाचाच होत नाही.

जपान, मुंबई आणि बार्शी

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं रक्तातच असेल तर? आनुवंशिकता आहेच. बीआरसीए नावाच्या जनुकांतला बिघाड घराण्यात चालत येतो आणि अशा स्त्रियांचा धोका पुष्कळ जास्त असतो. पण स्तनाच्या एकूण कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच असे आनुवंशिक असतात. बाकीच्यांचं काय?

याचं उत्तर अमेरिकेत गेलेल्या जपानी कुटुंबांनी दिलं. विसाव्या शतकाच्या मध्यात जपानमध्ये स्तनाचा कॅन्सर अमेरिकेच्या मानाने फारच कमी होता. पण हवाई आणि कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांत, पिढी बदलली तसं प्रमाण वाढत गेलं आणि तिथल्या गोऱ्या स्त्रियांच्या दिशेने सरकलं. १९६० आणि १९७० च्या दशकांत हे आकडे प्रसिद्ध झाले. दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत. बदललं ते जगणं : मुलींची वाढ आणि पाळी सुरू होण्याचं वय, लग्नाचं वय, मुलांची संख्या, ताटातलं अन्न, अंगावरचं वजन, अंगमेहनत.

असाच धडा आपल्या मुंबईतही दिसला. भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी १९६३ साली मुंबईत सुरू झाली. डॉ. दाराब जस्सावाला यांनी तिच्यासाठी मोठं काम केलं. या नोंदींत दिसलं की शहर एक, हवा-पाणी एक, पण स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण पारशी स्त्रियांमध्ये सगळ्यांत जास्त. हा समाज शिकलेला, सुस्थितीतला. लग्नं उशिरा आणि मुलं कमी.

पुढे १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिथल्या खेड्यांतलं चित्र उलटं होतं. स्तनाचा कॅन्सर मुंबईच्या मानाने बराच कमी, आणि पहिला क्रमांक गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा.

आज पारशी स्त्रियांची ती जीवनपद्धती पुण्या-नाशिकची, कोल्हापूर-लातूरची, खरं तर आपल्या सगळ्यांची झाली आहे. त्यात वाईट काय? मुली शिकतात, नोकरी करतात, स्वतः ठरवून लग्न करतात, एक-दोन मुलांवर थांबतात. मी स्वतः दोन मुलींचा बाप आहे. त्यांनी अठराव्या वर्षी लग्न करून सहा मुलं जन्माला घालावीत असा सल्ला मी मरेपर्यंत देणार नाही. पण या बदलाची एक किंमत आहे, ती ठाऊक असायला हवी. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण होत्या आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. आता भारतीय स्त्रियांमध्ये हाच कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे.

जे आपल्या हातात आहे

लग्नाचं वय आणि पाळीचं वय मागे जाऊन बदलता येत नाही. मग हातात काय उरतं? इथेही इतिहासाने काही उत्तरं दिली आहेत.

वजन : पाळी बंद झाल्यावर अंडाशयाचं काम थांबतं, पण इस्ट्रोजेन बनणं पूर्ण थांबत नाही. ते चरबीत बनतं. अरोमाटेज नावाचं एन्झाइम हे काम करतं. लेट्रोझोलची गोळी नेमकं हेच एन्झाइम बंद पाडते. म्हणून पाळी गेल्यानंतर पोटावर आणि कमरेवर चढणारं वजन हा स्तनाच्या कॅन्सरचा सिद्ध झालेला धोका आहे. आपल्याकडे पन्नाशीनंतर ‘आता काय, वय झालं’ म्हणून चालणं सुटतं आणि वजन वाढतं. धोका वाढण्याचा काळही तोच असतो.

हालचाल : अमेरिकेत १९८५ साली रोझ फ्रिश यांनी कॉलेज सोडलेल्या ५,३९८ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. कॉलेजात खेळाडू असलेल्यांमध्ये पुढे स्तनाचा कॅन्सर कमी आढळला. नंतरच्या अनेक अभ्यासांनी याला दुजोरा दिला. म्हणून मुलगी खो-खो, कबड्डी खेळत असेल तर दहावीच्या वर्षी तिचं मैदान बंद करू नका.

दारू : आपल्याकडे हा विषय टाळतात, पण शहरांतल्या मुलींसाठी तो आता बोलायला हवा. १९८७ साली अमेरिकेतल्या हजारो स्त्रियांच्या अभ्यासांतून हा संबंध ठळकपणे पुढे आला. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने दारू हे स्तनाच्या कॅन्सरचं एक कारण असल्याचं जाहीर केलं. रोज साधारण एक पेग घेतला तर धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. वाइन ‘हृदयाला चांगली’ म्हणून घेणाऱ्यांनाही हाच नियम लागू.

हार्मोनच्या गोळ्या : ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण आकडे कसे वाचायचे तेही यातून कळेल. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेतल्या की तारुण्य टिकतं, अशी जाहिरात १९६० च्या दशकापासून अमेरिकेत जोरात होती. तिथे लाखो स्त्रिया वर्षानुवर्षं या गोळ्या घेत. मग सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवर काळजीपूर्वक चाचणी झाली आणि जुलै २००२ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी जास्त दिसला. बातमी फुटताच गोळ्यांची विक्री कोसळली, आणि २००३ साली अमेरिकेतलं स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण त्याच्या आदल्या वर्षापेक्षा ६.७ टक्क्यांनी घसरलं.

आता हा ‘२६ टक्के’ आकडा उलगडून पाहू. गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमध्ये वर्षाला ३० जणींना कॅन्सर झाला, गोळी घेणाऱ्या १०,००० मध्ये ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जणी जास्त. देशाच्या दृष्टीने आठ म्हणजे पुष्कळ. पण एकेका बाईच्या दृष्टीने पाहा. त्या ३८ पैकी ३० जणींना गोळी न घेताही कॅन्सर झालाच असता. या ३८ जणींमधल्या कोणत्या आठ गोळीमुळे, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही.

(पाळी जाताना फार त्रास होणाऱ्यांना या गोळ्या आजही उपयोगी पडतात. पण कमीत कमी काळ आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मैत्रिणीच्या सांगण्यावरून नको.)

‘त्या हाताने बादली उचलू नका’

आता उपचारानंतरच्या सवयींकडे वळू. इथे मला एक कबुली द्यायची आहे.

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये अनेकदा काखेतल्या गाठी काढतात. मग त्या बाजूच्या हातातला लसिकाद्रव नीट परत जात नाही आणि काहींचा हात सुजतो, जड होतो. विल्यम हॉलस्टेड या अमेरिकी सर्जनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छातीचे स्नायूही काढून टाकणारं मोठं ऑपरेशन रूढ केलं. त्या काळात ही सूज फार दिसे. त्यातून डॉक्टरांनी एक नियम केला : त्या हाताला काम नको, वजन नको, व्यायाम नको.

मी १९९६ साली एमडी होऊन दवाखाना थाटला तेव्हा हेच सांगत असे. “ताई, त्या हाताने बादली उचलू नका. कणीक मळू नका. नातवाला कडेवर घेऊ नका.” बायका माझं ऐकत. त्यांचा खांदा आखडत गेला, हात बारीक आणि दुबळा झाला, आणि आपण घरात निरुपयोगी झालो असं त्यांना वाटू लागलं. मी शिकलो होतो तेच सांगत होतो, पण त्याला पुरावा आहे का हे मी कधी तपासलं नव्हतं.

त्याच १९९६ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉन मॅकेन्झी नावाचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ उलटा विचार करत होते. त्यांनी स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या २४ स्त्रिया जमवल्या. आधी व्यायामशाळेत त्यांची ताकद हळूहळू वाढवली आणि मग त्यांना ड्रॅगन बोटीत बसवलं. ही लांबट, अरुंद नाव असते, केरळच्या शर्यतीतल्या नावांसारखी. दोन्ही बाजूंनी जोडीजोडीने बसून ढोलाच्या ठेक्यावर वल्ही मारायची. खांद्याला आणि दंडाला यापेक्षा कष्टाचं काम शोधून सापडणार नाही. जुन्या नियमानुसार सगळ्यांचे हात सुजायला हवे होते. एकीचाही नव्याने सुजला नाही. आज जगातल्या कितीतरी देशांत अशा स्त्रियांच्या नावा पाण्यावर उतरतात.

चोवीस बायका म्हणजे पक्का पुरावा नव्हे. तो २००९ मध्ये अमेरिकेतून आला. आधीच हात सुजलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. त्यांची सूज वाढली नाही. उलट सूज अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले आणि हाताला ताकद आली. कारण साधं आहे. लसिकाद्रव पुढे ढकलायला हृदयासारखा पंप नसतो. तो ढकलतात स्नायू. हात गप्प ठेवला तर पंपच बंद.

आता माझा सल्ला वेगळा असतो. सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट सांगतील त्या दिवसापासून खांद्याचे व्यायाम सुरू करा, वजन अगदी थोड्यापासून वाढवत न्या, त्वचा जपा, जखम आणि जंतुसंसर्ग टाळा, सूज वाटली तर लगेच दाखवा. पण हात वापरा. त्या जुन्या पेशंटपैकी काही जणी आजही दवाखान्यात येतात. मी त्यांची माफी मागितली आहे. एक आजी हसून म्हणाल्या, “अहो, मी तुमचं कधीच ऐकलं नाही. घरात दुसरं होतं कोण बादली उचलायला?” त्यांचा खांदा उत्तम आहे.

चालणं आणि जेवण

अमेरिकेत १९७६ पासून एक लाखाहून अधिक नर्सेसच्या आरोग्याची नोंद ठेवली जाते. त्यांच्यातल्या स्तनाचा कॅन्सर झालेल्या २,९८७ जणींचा अभ्यास २००५ साली आला. आठवड्याला तीन ते पाच तास साध्या गतीने चालणाऱ्यांमध्ये, अगदी कमी चालणाऱ्यांच्या तुलनेत, या आजाराने होणारे मृत्यू सुमारे निम्मे दिसले. इथे एक सावधगिरी हवी. जिची तब्येत बरी तीच जास्त चालते, असंही असू शकतं. त्या संशोधकांनी याचा विचार करून हिशेब केला होता, तरी शंका पूर्ण जात नाही. पण चालण्याने थकवा कमी होतो, झोप सुधारते, मन हलकं होतं, हाडं टिकतात. नुकसान जवळजवळ काहीच नाही. अशा वेळी मी पुराव्याच्या शेवटच्या दाण्याची वाट पाहत नाही.

आहाराचं काय? पेशंट सर्वांत जास्त हेच विचारतात आणि याचंच उत्तर सर्वांत अवघड आहे. अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २००६ साली आलेल्या पहिल्या चाचणीत उपचार झालेल्या स्त्रियांच्या जेवणातलं तेल-तूप-चरबी कमी केली, तर आजार उलटण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी दिसलं. २००७ साली आलेल्या दुसऱ्या चाचणीत तीन हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. त्यांच्यातल्या एका गटाने भरपूर भाज्या, फळं खाल्ली, आणि सात वर्षांनंतरही दोन गटांत काहीच फरक दिसला नाही. फरक का? पहिल्या गटातल्या स्त्रियांचं वजन कमी झालं होतं, दुसऱ्या गटाचं झालं नव्हतं. हे एक संभाव्य कारण.

म्हणून कॅन्सर ‘उपाशी मारण्यासाठी’ भात सोडा, दूध सोडा, साखरेचा कण नको, फक्त अमुक रस प्या, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. केमोथेरपीच्या काळात शरीराला प्रथिनं लागतात. डाळ, उसळी, दही, पनीर, अंडी, मासे, जे घरात चालत असेल ते नीट खा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण, ताक हे जेवण कुठल्याही महागड्या डाएटच्या तोडीचं आहे. आणि गव्हांकुराचा रस किंवा कुठलीही पावडर हा ऑपरेशन आणि औषधांना पर्याय नाही. या नादात सहा महिने घालवून आलेल्या पेशंट मी पाहिल्या आहेत. गाठ तोवर थांबून राहत नाही.

तेवढं लक्षात ठेवा

१. पाळी गेल्यानंतर वजन वाढू देऊ नका. कंबर मापत राहा.
२. आठवड्यातून किमान अडीच तास भरभर चाला, आणि दोन दिवस ताकदीचा थोडा व्यायाम करा.
३. बाळाला जमेल तितकं अंगावर पाजा. जिला जमलं नाही तिला टोमणे मारू नका.
४. दारू नको. तंबाखू, मिश्रीही नको.
५. हार्मोनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका.
६. आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.
७. गाठ, निप्पल आत ओढलं जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं, कातडीवर खळगा पडणं, काखेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ असं म्हणू नका. सुरुवातीला ही गाठ बहुधा दुखत नाही. सुई टोचून तपासल्याने कॅन्सर पसरतो हाही गैरसमज आहे.

सगळ्या चांगल्या सवयी पाळूनही आजार होऊ शकतो. स्त्री असणं आणि वय वाढणं हे दोन सर्वांत मोठे धोके आहेत आणि ते कुणाच्याच हातात नाहीत.

त्या संध्याकाळी मी बाईंना एवढंच म्हणालो, “बाई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. तुम्ही रोज चालत होता म्हणून ऑपरेशन आणि केमो सोसायला तुमचं शरीर तयार आहे. ते चालणं सोडू नका.” मग बाहेर बसलेल्या सासूबाई, जाऊबाई आणि यजमानांना आत बोलावलं आणि त्यांनाही तेच सांगितलं. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे फ्रीजमुळे नाही?” “नाही, आजी.” “मग बरं. मला वाटत होतं, मीच शिळं उरवत होते.”

त्या घरात स्वतःला दोष देणारं आणखी एक माणूस होतं, हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं.

बाईंचे उपचार पूर्ण झाले आहेत. जूनपासून त्या शाळेत रुजू झाल्या. फळ्यावर उजव्या हातानेच लिहितात. ऑपरेशन त्याच बाजूचं होतं.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःच्या तपासणीसाठी आणि उपचारांसाठी आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा.)